भोक

हागीच्या या छोट्या संग्रहालयात
मी दालन क्रमांक तीनमधली खुर्ची सांभाळते.
उजेड मंद ठेवलाय, रंग विटू नयेत म्हणून.
माणसं आत येतात ती
आजाऱ्याच्या खोलीत आल्यासारखी.

काचेखाली मुलींची जुनी मासिकं.
मुखपृष्ठांवरच्या मुली: मान कलती, बोटं निमुळती,
आणि डोळे, केवढे डोळे,
चेहऱ्यात मावेनात म्हणून जरा कडेला सांडलेले.
कुणाच्या हातात लिली, कुणाच्या पत्र.
झाडू एकीच्याही हातात नाही.

मग त्रेचाळीस साल. पानं निम्मी, कागद भरड,
डोळे वरच्या हुकमानं लहान केलेले.
सगळ्या एकाच दिशेला बघतात.

सहाव्या पेटीत 'काझागुरुमा', म्हणजे भिंगरी,
एप्रिल एकोणीसशे एकोणचाळीस.
उघडलेल्या पानावर चित्र नाही,
चित्राचं भोक आहे.
फ्रॉकची झालरसुद्धा न दुखवता
कुणीतरी मुलगी कातरून नेलीय,
आणि तिच्या जागी मागच्या पानावरचं
दंतमंजन दिसतं.
कुराशिगेबाईंनी पाटी लावलीय:
'अज्ञात वाचकाने कापलेले.'

गुरुवारी मिसाओ हिराबायाशी आल्या. वय सत्त्याण्णव.
पिशवीत एक मोठं आंबट संत्रं होतं,
ते मी लॉकरमध्ये ठेवायला लावलं.
सहाव्या पेटीपाशी थांबल्या, चष्मा कपाळावर चढवला,
म्हणाल्या, "अज्ञात नाही हो."

मासिक शाळेच्या कपाटातलं.
पंचेचाळीसच्या जानेवारीत अख्खा वर्ग
कोकुऱ्याच्या कारखान्यात नेला, त्याच्या आदल्या दिवशी
शिवणाच्या कातरीनं.

काम एकच: कागदावर कागद चिकटवणं.
कोन्याकूची खळ, सुरणाच्या जातीचा कंद तो.
थंडीनं हात फुटायचे,
भूक लागली की मुली खळच चाटायच्या.
पाच थर. मध्ये हवेचा बुडबुडा एकही नको.
"काय बनतंय ते आम्हाला सांगितलं नव्हतं."
मग काचेला म्हणाल्या,
"हे उत्तर मी फार वर्षं देतेय.
कुजबुज होतीच. फुगा आहे, समुद्रापार जायचाय.
आणि फुग्याखाली
कुणी फुलं बांधत नाही."

कातरलेली मुलगी त्यांच्या कमरपट्ट्यात होती.
एका रात्रपाळीला
तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या मध्ये तिला निजवली,
वरून तळहातानं खळ फिरवली.

"का पाठवलीत तिला?"
विचारायला नको होतं. खुर्चीचं काम नाही ते.

"पाठवली कुठं? लपवली.
झडती व्हायची रोज.
एवढे मोठे डोळे ठेवायचे कुठं?"

बराच वेळ नुसता हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राचा आवाज.

"कुठं उतरली, ठाऊक नाही.
रानात असेल. समुद्रात असेल.
तिच्यासोबत काय उतरलं, याचा मी रोज विचार करत नाही."
आणि पुन्हा, हळू,
"रोज नाही."

भाचा न्यायला आला. किल्ली माझ्या हातात ठेवून
त्या गेल्या, संत्रं विसरून.
शुक्रवारी लॉकरच्या सगळ्या रांगेला
सालीचा वास.

सोमवारी संग्रहालय बंद. पानं उलटायचा दिवस,
एकाच पानाला फार दिवस उजेड लागू नये म्हणून.
पाटी बदलायची का, हे मला कुणी विचारलेलं नाही.
कुराशिगेबाईंनी दोन बोटांनी
भिंगरीचं पान उलटलं.

आता भोकातून वाचक मुलींची पत्रं दिसतात,
कडेला तुटलेली:
'ताई, उत्तर नक्की', 'आमच्याकडे बर्फ', 'मी सुद्धा एकटी'.
आणि ती, तोच फ्रॉक, तीच झालर,
इतके दिवस उजवीकडे तोंड करून होती,
नकाशात समुद्र असतो तिकडे,

ती डावीकडे निघालीय.